हिरवा त्रिकोण झिंग्यासाठी नसतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रातल्या गोगलगायींवर आपल्या अंकात लेख आला होता. त्यावर गेल्या आठवड्यात एका वाचकांनी पत्र लिहून विचारलं, की भुसावळपासून नंदुरबारपर्यंत समुद्राचा थेंब नाही, कापसाला भाव नाही, आणि तुम्ही गोगलगायींचं काय घेऊन बसलात? भावाचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. बाकीच्याला उत्तर द्यावंसं वाटलं. मी चोपडा तालुक्यात २२ वर्षं कृषी सेवा केंद्र चालवते, आणि लेख जिथे थांबला तिथून पुढची गोष्ट माझ्या दुकानातल्या मधल्या फळीवर, कीटकनाशकांच्या बाटल्यांत ठेवलेली आहे.

आधी गोगलगायी. १९७० साली इंग्लंडमधल्या प्लिमथजवळ ब्लेबर या संशोधकाला शंखाच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटलेलं दिसलं. आम्ही बी.एस्सी.ला पायला गोगलगाय कापायचो, तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. तशीच या शंखाचीही रचना. मग हे काय? कारण कळायला बरीच वर्षं गेली. बोटींच्या बुडाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून ट्रायब्युटिल टिन घातलेला रंग लावत, तो पाण्यात झिरपत होता. मादीची अंडी बाहेर पडायची वाट त्या नव्या वाढीने बुजायची. शंख विषाने लगेच तडफडून मरत नव्हते. मागे पोर नव्हतं, एवढंच.

आणि मात्रा किती? लिटरमागे एखादा नॅनोग्रॅम झाला की बाधा सुरू. आपल्या भाषेत सांगते. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं साधारण २२ लाख लिटरचं. अशी साडेचारशे तळी काठोकाठ भरा आणि सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाका. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत याच रंगापायी कालवांची पिल्लं जगेनात, मोठ्या कालवांची कवचं जाड होऊन आत मांस राहीना. तिथे कालवं म्हणजे आपल्याकडे केळी. धंदा बसला तेव्हा सरकार हललं: १९८२ साली लहान बोटींवर या रंगाला बंदी, १९८७ साली इंग्लंडमध्ये, आणि जगभराचा करार २००१ साली होऊन २००८ साली लागू झाला. त्यानंतर बऱ्याच किनाऱ्यांवर शंख परतले. आपल्याकडेही १९९९ साली गोव्याच्या संशोधकांनी अशा माद्यांची नोंद केली. त्या शंखाच्या शास्त्रीय नावातच ‘कोंकणेन्सिस’ आहे.

आता ‘खान्देशात समुद्र कुठे’ हा प्रश्न. माझी मोठी बहीण उधन्याला दिली आहे. ज्या घरातलं कोणीच सुरतेला नाही असं घर आमच्या गावात शोधावं लागेल. आपली माणसं जिथे जातात तिथेच तापीही जाते, प्रकाशा, उकाई करत डुमसला. पण मला समुद्रापर्यंत जायचंच नाही. मला आमच्या शिवारातल्या नाल्याचं बोलायचं आहे.

किडा वाढतो तो कात टाकून. केव्हा टाकायची हे त्याच्या अंगातलं संप्रेरक ठरवतं. १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी ५०० किलो रेशीमकोषांतून ते २५ मिलिग्रॅम काढलं. पुढे १९६६ साली ऑस्ट्रेलियात टनभर शेवंडांच्या (झिंग्याच्या मोठ्या समुद्री भावंडांच्या) अवशेषांतून जेमतेम २ मिलिग्रॅम द्रव्य निघालं, तेही त्याच कुळातलं. म्हणजे रेशमाची अळी आणि समुद्रातला शेवंड, दोघांची कात टाकायची किल्ली एकच. झिंगा, खेकडा, डबक्यात उड्या मारणारा डोळ्याला ठिपक्याएवढा दिसणारा डॅफ्निया, सगळे याच घराण्यातले.

किडीच्या अशा संप्रेरकांत ढवळाढवळ करून तिची वाढ बिघडवणाऱ्या औषधांचा एक गट आहे. कपाशीवर पांढरी माशी आली की त्यातलं पायरीप्रॉक्सीफेन आम्ही देतो. ते माशीला जागेवर मारत नाही. तिच्या पिल्लाच्या अंगात बालपणीचं संप्रेरक असतं, त्याची ते नक्कल करतं, आणि पिल्लू मोठं होतच नाही. औषध म्हणून हुशार आहे, मी मनापासून विकते. पण हेच औषध पाण्यात अगदी थोडं असलं, तरी डॅफ्नियाची मादी, जी एरवी माद्याच काढते, ती नर काढायला लागते. हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. डॅफ्नियावर माशांची पिल्लं जगतात. उकाई धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करून पोट भरणारी नवापूरकडची कुटुंबं खान्देशातलीच आहेत ना?

यंदा पोळ्याच्या आधीची गोष्ट. आमच्या शेताला लागून नाला आहे, तिथे एक ओळखीचा मुलगा फवारणीचा पंप विसळत होता. मी हटकलं. तो हसून म्हणाला, “हिरवा तिरकोन शे ना ताई, मंग काही व्हस नही.” मला राग आला नाही, लाज वाटली. कारण हे वाक्य त्याला मीच शिकवलेलं. बाटलीवरचा त्रिकोण लाल म्हणजे औषध जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सौम्य, असं मी काउंटरवर बावीस वर्षं सांगत आले. खोटं नाही ते. फक्त तो त्रिकोण ठरतो कसा, हे मी कधी सांगितलं नाही. निम्मे उंदीर मरायला किलो वजनामागे किती मिलिग्रॅम औषध तोंडावाटे द्यावं लागलं, त्यावरून. ५० पर्यंत असेल तर लाल, ५००० च्या वर गेलं तर हिरवा. उंदीर कात टाकत नाही. माणूसही नाही. मग कात बिघडवणारं औषध उंदराला सौम्य वाटेल नाही तर काय होईल? या गटातल्या बाटल्यांवर म्हणूनच बहुधा निळा नाहीतर हिरवा दिसतो. फवारणाऱ्याच्या जिवासाठी तो त्रिकोण हवाच, त्यावर माझा आक्षेप नाही. पण झिंग्याबद्दल तो चकार शब्द बोलत नाही.

जलचरांना धोका असल्याचं बऱ्याच माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. कुठे, तर घडीच्या आतल्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मला चष्मा लावूनही वाचवत नाही, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं तो कागद दुकानातच टाकून जातात. आमच्या धंद्यातलेच काही म्हणतील, नाल्यातले खेकडे सायपरमेथ्रिनसारख्या औषधांनीही मरतात. मरतात, कबूल. ते दुसऱ्या दिवशी उताणे पडलेले दिसतात, म्हणून लोक निदान शिव्या तरी देतात. कात अडकलेल्या पिल्लासाठी कोण शिव्या देणार?

सध्या मी एवढंच करते: या गटाची बाटली देताना झाकणावर काळ्या मार्करने झिंग्याचं चित्र काढते. चित्र वाईट येतं, परवा एकाने विंचू का काढला म्हणून विचारलं. पण विचारलं की सांगता येतं, पंप नाल्यात विसळू नको, विसळलेलं पाणी पुन्हा पंपात घेऊन कपाशीवरच मार, बाटली तीनदा धुऊन भोक पाड. सरकारने त्रिकोणाशेजारी असंच एखादं ठसठशीत चित्र छापायला लावावं. आणि आपल्या कृषी पानावर दर गुरुवारी फवारणीचा सल्ला येतो, त्यात औषधाचं नाव आणि दहा लिटरला किती मिली एवढंच असतं. त्याखाली ‘पंप वाहत्या पाण्यात धुऊ नये’ ही ओळ टाकायला जागा पुरेल असं वाटतं.

नाव छापू नये ही विनंती. मला माल देणारे लोकही आपलाच पेपर वाचतात.

आपली,
कृषी सेवा केंद्र चालवणारी एक वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव