काळजी घेणाऱ्याची काळजी

महोदय,

घरात अखेरच्या टप्प्यातला कर्करुग्ण असला की सोलापुरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. रात्रपाळी मात्र एकट्या सुनेची. आधी तिची झोप मोडते, मग धीर. वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनची साधी गोळी दर ४ तासांनी असते. झोपतानाचा डोस वाढवून मध्यरात्रीचा टाळता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारावे, स्वतः ठरवू नये. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. बळेच भरवले की ठसका लागतो आणि ‘माझ्यामुळेच गेले’ ही बोच मागे राहते. हे आधी कुणी सांगतच नाही! भेटायला येणाऱ्यांनी फळांऐवजी दोन तास द्यावेत, तिला झोपू द्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, मोफत, रात्रीही बोलता येते. हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर छापायला काय हरकत आहे?

— उपशामक सेवेतील परिचारिका, सोलापूर