एका बिशपची 'हौस'

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनवरचा लेख काल वाचला आणि रात्रभर तो डोक्यातून गेला नाही. ग्रॅनाइटच्या इमारती, बंदर आणि तेलाचा पैसा यांना तुम्ही पाऊण पान दिलेत. तिथले विद्यापीठ ज्यांनी उभे केले त्या बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांच्या वाट्याला एकच ओळ आली, आणि तीही चुकीची. ते म्हणे मुंबईच्या एल्फिन्स्टनसाहेबांचे उमराव पूर्वज, आणि त्यांनी हौसेखातर एक प्रार्थनापुस्तक छापून घेतले.

बिशप १५१४ साली वारले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते ते १८१९ ते १८२७ या काळात. आडनाव एक म्हणून कुणी कुणाचा पूर्वज होत नाही. बरे, जन्माचे म्हणाल तर हे बिशप एका पाद्र्याचे, लग्नाबाहेर झालेले मूल होते. अशा मुलाला दीक्षा घ्यायची तर चर्चची खास परवानगी लागे. त्या मुलाने ग्लासगोत शिक्षण घेतले, पॅरिस आणि ऑर्लिआँमध्ये कायद्याचा अभ्यास केला, पुढे तो ग्लासगो विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि १४८३ साली अ‍ॅबर्डीनच्या बिशपपदासाठी निवडला गेला. ही वाट त्याने कशी काढली ते सोडून तुम्ही त्याला उमराव करून टाकलेत!

पण मला खरा राग आला तो 'हौस' या शब्दाचा.

मी छत्तीस वर्षे छपाईचे खिळे जुळवले. आमच्या छापखान्यात दरवर्षी पंचांगाचे काम यायचे. मजकूर काळा, सणवार लाल. म्हणजे तोच कागद दोनदा मशीनवर चढवायचा. एका वर्षी लाल फर्मा जरासा सरकला आणि एकादशीचा लाल ठसा शेजारच्या तिथीवर जाऊन बसला. मालकांनी सगळी थप्पी रद्द केली. ती रात्र, दुसरा दिवस आणि दुसरी रात्र आम्ही तिघे उभे होतो. वडील मंडळी पंचांग हातात घेऊन लग्न ठरवतात, त्यात चूक चालत नाही, एवढेच मालक म्हणाले.

बिशपनी छापून घेतलेली ती अ‍ॅबर्डीन ब्रेव्हिअरी, म्हणजे रोजच्या प्रार्थनांचे तेच पुस्तक, काळ्या आणि लाल शाईतच आहे. माझ्या नातवाने संगणकावर तिची पाने दाखवली तेव्हा ती लाल अक्षरे मी किती वेळ पाहत बसलो होतो. स्कॉटलंडमध्ये छपाई सुरूच झाली मुळी १५०८ च्या सुमारास. आदल्या वर्षी राजा चौथा जेम्स याने वॉल्टर चेपमन आणि अँड्र्यू मायलर या दोघांना छापखान्याची सनद दिली होती. त्या सनदेतच बिशपच्या ग्रंथाचा उल्लेख आहे, आणि इंग्लंडच्या सॅलिसबरी पद्धतीची प्रार्थनापुस्तके आणून विकायला बंदीही आहे. देशात छापखाना येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १५१० साली, हे दोन खंड पुरे झाले. इंग्लंडहून आलेल्या पुस्तकांत आपले संत नाहीत म्हणून बिशपनी गावोगावच्या स्कॉटिश संतांच्या कथा जमवून त्यांना वर्षाच्या दिवसांत जागा दिली. याला कुणी हौस म्हणेल का?

विद्यापीठाचेही तसेच. १४९५ च्या पोपच्या आज्ञापत्रात लिहिले आहे की उत्तरेतली माणसे डोंगर आणि समुद्राच्या खाड्यांमुळे विद्येपासून तुटलेली आहेत. बिशपनी तिथे धर्मशास्त्र आणि कायद्याबरोबर वैद्यक शिकवण्याचीही सोय केली, आणि कॉलेजला स्वतःचे नाव दिले नाही. आजही ते किंग्ज कॉलेज म्हणूनच ओळखले जाते.

इंग्लंडशी युद्ध नको असे ते राजाला सांगत होते. राजाने ऐकले नाही. ९ सप्टेंबर १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत राजा पडला, आणि राजाचाच मुलगा असलेले सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशपही पडले. त्या रिकाम्या गादीवर या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला बसवायचे ठरत होते, पण पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला एडिंबरात त्यांनी प्राण सोडला. त्यांना पुरले ते त्यांच्याच कॉलेजच्या चॅपेलमध्ये. तुमचे लेखक त्या चॅपेलच्या मुकुटासारख्या शिखराचा फोटो काढून आले आहेत, म्हणजे कबरीपासून चार पावलांवर उभे होते.

आणखी एक. त्याच पानावर फोटोखालच्या ओळीत 'अ‍ॅबर्डीन' तीन वेगवेगळ्या प्रकारे छापले आहे. मी कामाला होतो तेव्हा प्रुफे दोघे जण वाचत, एक मोठ्याने आणि एक मूळ हस्तलिखितावर बोट ठेवून. तुमच्याकडे आता मुद्रितशोधक आहेत का? नसतील तर नेमा. शब्द आम्ही नीट छापायचो, म्हणून तर लोक वर्तमानपत्रातले खरे मानायचे.

येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी ही विनंती. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर, सांगली