रविवारची धाव: आधी पूर्ण वाचा, मग विचारा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६ ला मेहरूण तलावावर जमायचंय, ६ म्हणजे ६, जळगावचं ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. ३ किमी आहे, पळा नाहीतर चाला, मी चालणारच, स्तनाच्या कॅन्सरची केमो संपून दीड वर्ष झालं तरी दम लागतोच.

- फी २०० रु., शनिवार संध्याकाळपर्यंत द्या. सगळे पैसे गरजू बायांच्या मॅमोग्राफीला (स्तनांचा एक्स-रे), म्हणून यावेळी टी-शर्ट नाही
- पाण्याची बाटली घरून आणा. शेवटी केळी आहेत, सालं तलावात टाकू नका प्लीज

आणि हो, कौतुकाने माझा डावा हात ओढू नका, काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्यात, सूज येते.

धाव झाल्यावर बायांनी सावलीत थांबायचं, स्वतःच्या स्तनांची तपासणी कशी करायची ते दाखवणार आहे, पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी, बोटांच्या पेरांनी, पार काखेपर्यंत. माझी गाठ वाटाण्याएवढी होती अन दुखत नव्हती, म्हणून मी चार महिने घालवले. भाऊ लोकांनी तोवर केळी वाटायची.

येणाऱ्यांनी खाली नाव टाका, नुसता अंगठा नको.