काकाजी, तुम्ही तो नकाशा फिरवला त्याबद्दल

नमस्कार काकाजी,

तुम्हाला हे असं लिहिलेलं आवडणार नाही माहीत आहे, तुम्ही तर त्या दिवशी चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत. पण घरी आल्यापासून आजी रोज विचारते, "तो नकाशेवाला भला माणूस बरा आहे ना?" म्हणून म्हटलं चार लोकांसमोर लिहूनच टाकावं. नाव टाकत नाही, काळजी करू नका.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. माझी आजी 86 वर्षांची. माहेर पाजपंढरी, दापोली तालुक्यात हर्णै बंदराला लागून कोळ्यांचं गाव आहे ते. आजोबा रेल्वेत, त्यामुळे लग्न झालं तशी ती थेट अजनीच्या क्वार्टरमध्ये आली आणि मग नागपूरचीच झाली. बोलते आता आमच्यासारखीच, "काय बाप्पा" वगैरे सगळं, फक्त इथले मासे बघितले की अजूनही नाक मुरडते. हल्ली विसरायला लागली आहे. सकाळी काय खाल्लं आठवत नाही, पण कोणाची होडी कुठं लागायची ते सांगते. म्हणून माझ्या डोक्यात आलं की हर्णैचा जुना नकाशा मिळवावा, तिच्यासमोर ठेवावा आणि ती सांगेल ते लिहून घ्यावं.

आता नकाशा मिळवायला मी जे हिंडलो ना राजेहो! एका ऑफिसात तीन चकरा. पहिल्यांदा म्हणे साहेब नाहीत, दुसऱ्यांदा म्हणे किनाऱ्याचं शीट, म्हणजे नकाशाचा कागद, असं कोणालाही देत नाही, तिसऱ्यांदा विचारलं की नागपूरच्या माणसाला समुद्र कशाला पाहिजे, आणि सगळे हसले. किनाऱ्याच्या शीटवर पूर्वी बंधनं होती हे मला मान्य आहे, पण 2021 मध्ये नियम पुष्कळ सैल झाले, ते त्यांना मी सांगायचं का? आणि एक अभ्यासक म्हणवणारे गृहस्थ भेटले, ते तर म्हणाले किल्ल्यावर काम कर, मासेमारांचा कसला आलाय इतिहास. मी आजीला सोबत नेलं नव्हतं हे त्यांचं नशीब.

मग कोणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही आयुष्यभर नकाशेच काढले, रिटायर होऊनही घरात गुंडाळ्या जपून ठेवल्यात. फोनवर मी अर्धंच वाक्य बोललो असेन तर तुम्ही म्हणालात, "हर्णै म्हणजे शीट नंबर 47 जी. आपलं नागपूर 55 ओ. या घेऊन आजींना."

एक इंच म्हणजे एक मैल अशा मापाचं ते जुनं शीट तुम्ही टेबलावर पसरलं. मी लगेच हुशारी केली, आजी हे बघ, इथं दापोली, हे हर्णै. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला नाही समजत रे हे." माझं तोंड पडलं. मला वाटलं उशीर झाला, गेलं सगळं.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. उठलात, शीटचे दोन कोपरे धरले आणि कागद हळूच फिरवला, डावीकडचा समुद्र वर गेला, म्हणजे तिच्या बरोब्बर समोर. मग खुर्ची तिच्या शेजारी ओढून म्हणालात, "आजी, तुम्ही पाजपंढरीत दारात बसल्या आहात. समोर पाणी. आता सांगा."

बस्स. तिचा हात आपोआप उठला. उजव्या हाताला आंजर्ल्याची खाडी, डाव्या हाताला मुरुड, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्ग, तिथं दिव्याचा उजेड कसा फिरायचा, मासळी कुठं वाळत घालायचे, पावसाळ्यात होड्या कुठवर वर ओढायचे. भडाभडा बोलत होती आणि बोलता बोलता बोली बदलली तिची, अजनीची आजी गेली आणि कोण तरी पोरगी बोलायला लागली जिला मी कधी भेटलोच नव्हतो. नकाशात तिच्या गावाच्या जागी नुसते बारीक बारीक चौकोन, बाकी काही नाही. तुम्ही वर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि ती सांगेल ते ते पेन्सिलीने लिहीत गेलात. खडकांची नावं, घरांची नावं. मध्ये एकदाही "नक्की का?" म्हणाला नाहीत. ते खडक कोणत्या ऑफिसात नोंदलेले असतील असं मला वाटत नाही.

जुन्या इंग्रजी नकाशांत सुवर्णदुर्गाला सेव्हर्नड्रूग म्हणत हे तुम्ही सांगितलंत तेव्हा ती किती हसली! 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि पुढे त्याच्या बायकोने लंडनला एका टेकडीवर त्याची आठवण म्हणून मनोरा बांधला, त्याचंही नाव सेव्हर्नड्रूगच. यावर आजीचा एकच प्रश्न, "तिथं समुद्र आहे का?" तुम्ही नाही म्हणालात. "मग काय कामाचा," म्हणाली.

आणि निघताना तिने उगाच म्हटलं की नागपुरात समुद्राचं काहीच नाही. त्यावर तुम्ही आपल्या नागपुरातल्या झिरो माइलच्या खांबाचं जे सांगितलंत ते मी इतकी वर्षं तिथून गाडी नेऊनही कधी वाचलं नव्हतं. तिथल्या 1907 च्या खुणेवर 1020.171 फूट लिहिलंय, आणि ती उंची समुद्रापासूनच मोजलेली, बंदरांवर भरती-ओहोटी वर्षानुवर्षं मोजून समुद्राची सरासरी पातळी काढायची आणि तिथून मापं घेत घेत इथवर यायचं. ज्याने 1802 मध्ये देश मोजायचा तो मोठा सर्व्हे मद्रासकडून सुरू केला तो लॅम्बटनसुद्धा 1823 मध्ये नागपूरकडे येता येता आपल्या हिंगणघाटलाच गेला, कबर तिथंच आहे. येताना आजीने रिक्षा झिरो माइलला थांबवायला लावली. उतरली नाही, नुसती बघून म्हणाली, "एवढ्या वर आहे होय मी."

खरं सांगू का काकाजी, मदत करणारे पुष्कळ भेटतात पण ते स्वतःच्या बाजूने कागद धरून मदत करतात. मीही तेच करत होतो की! माझीच आजी, आणि मी तिला उत्तर दिशा शिकवत बसलो होतो.

तुमचा तो ट्रेसिंग आणि शीटची झेरॉक्स फ्रेम करून आजीच्या खोलीत लावली आहे, अर्थातच समुद्र वर. येणारा जाणारा सांगतो की नकाशा आडवा लागलाय, अक्षरं वाचता येत नाहीत. आजी म्हणते वाचायचाय कोणाला.

हर्णैहून मामेभावाने सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, पाठवलेत. अर्धे तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेत तिने, कोणाला हात लावू देत नाही. तुम्ही खाता की नाही ते मात्र त्या दिवशी विचारायचंच राहिलं, तेवढं कळवा.