शून्याचा रकाना

प्राग, 6 जून 2021

ती. आई आणि ती. बाबा यांना
सा. न. वि. वि.

परवा फोनवर इथल्या स्लाव्हिया फुटबॉल संघाचे यंदाच्या लीगचे आकडे सांगितले तेव्हा बाबा, तुम्ही म्हणालात, "हरल्याच्या रकान्यात शून्य? नीट बघ, तुझंच काहीतरी चुकलंय." नीट बघितलं. 34 सामने, 26 विजय, 8 बरोबरी, हार एकही नाही. 86 गुण, 85 गोल केले, 20 खाल्ले. स्पार्टा दुसरा, याब्लोनेत्स तिसरा. आता पेन घ्या आणि कालनिर्णयात पक्कं लिहून टाका. फोनवर निम्मं तुम्हाला ऐकू येत नाही आणि निम्मं तुम्ही ऐकत नाही, म्हणून यावेळी कागदावर लिहितेय. सध्या पोस्टानं कधी पोचेल सांगता येत नाही, त्यामुळे फोटो काढून दादाला पाठवते. तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणेल.

एक वर्षापूर्वी हे सगळं कसं सुरू झालं आठवतंय का? मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, शाहू स्टेडियम बंद पडलं आणि तुम्ही आईच्या भाषेत "पिंजऱ्यात घातल्यासारखे" घरात फिरायला लागलात. इथली लीगही मार्चमध्येच थांबली होती, पण मेअखेरीस पुन्हा सुरू झाली. मी सहज म्हणाले, "बाबा, आमच्याकडे मॅच चालू झाल्या." तुम्ही विचारलंत, "कुणाच्या?" मला एकाही संघाचं नाव धड सांगता आलं नव्हतं. त्या रात्री बसून मी अख्खा तक्ता वाचून काढला.

यंदा 16 ऐवजी 18 संघ का, हे तुम्ही तीनदा विचारलंत आणि तीनदा रेंज गेली. तर ते असं झालं. गेल्या मोसमात शेवटी तळाच्या संघांची वेगळी गटफेरी होती, तिच्यातून कोण खालच्या लीगमध्ये जायचं ते ठरणार होतं. त्या फेरीतच ओपावा आणि कार्विना इथं कोरोनाचे रुग्ण निघाले आणि मॅच पुऱ्या होईनात. मग कुणालाच खाली ढकललं नाही. खालच्या लीगमधून पार्दुबित्से आणि ब्रनो हे दोन संघ वर आले, झाले 18. त्यामुळे यंदा गटबिट काही नाही, सरळ प्रत्येकाशी दोनदा, म्हणून 34 फेऱ्या. आणि आकडा परत 16 वर आणायचा म्हणून शेवटचे तिघे खाली: ब्रनो, प्रिब्राम, ओपावा. वर येणारा एकटा ह्रादेत्स क्रालोवे. म्हणजे गेल्या वर्षी वाचलेलं ओपावा यंदा गेलंच, आणि ब्रनो तर आलं तसं परत गेलं. तुमच्या भाषेत, पाव्हणा चहा पिऊन उठला.

आई, आता तुझ्यासाठी. मी राहते त्या व्रशोवित्से भागात ट्रामचा एक थांबा आहे, त्याचं नाव कोहिनूर. पहिल्यांदा पाटी बघितली तेव्हा मी ट्राममध्ये एकटीच हसले होते. हिऱ्याशी त्याचा संबंध नाही, तिथं त्या नावाचा टिचबटणांचा कारखाना होता. तुझ्या मशीनच्या खणातल्या त्या पत्र्याच्या डबीतली टिचबटणं कुठं बनली होती कोण जाणे, पण आता तो थांबा आला की मला डबीचा खुळखुळ आवाजच ऐकू येतो. कोहिनूरच्या पुढचा थांबा स्लाव्हिया. तिथं त्यांचं एडन स्टेडियम.

आणि अजून एक गंमत. स्लाव्हियाची जर्सी अर्धी लाल, अर्धी पांढरी, दोन तुकडे जोडल्यासारखी. म्हणून लोक त्यांना 'सेशीवनी' म्हणतात. अर्थ काय, तर शिवलेले! मी ऑफिसातल्या मैत्रिणीला 'शिवणे' हा आपला शब्द म्हणून दाखवला, ती दोनदा म्हणाली, "पण हा तर आमचाच आहे." बाबांना फुटबॉल कळतो, पण या संघाचं नाव तुझ्या धंद्यातलं आहे, हे त्यांना ऐकव.

बाबा, याच व्रशोवित्सेत दुसरा संघ आहे, बोहेमियन्स. एडनपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं छोटं मैदान, ड्योलिचेक. म्हणजे एका पेठेत दोन तालमी. तुम्हाला यावर जास्त सांगायला नको. रंग हिरवा-पांढरा, चिन्ह कांगारू, कारण 1927 मध्ये हा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला आणि दोन जिवंत कांगारू भेट घेऊन आला. मी मनानं यांची आहे, हे कबूल करते. सगळं जिंकणाऱ्यांच्या मागं उभं राहायला काय लागतं?

पानेन्का यांचाच. 1976 च्या युरोच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध टायब्रेकरला ज्यानं गोलीला एका बाजूला पाडून चेंडू अलगद मधोमध सोडला, तो. तुम्ही आम्हाला अंगणात प्लास्टिकच्या चेंडूनं करून दाखवायचा आणि चेंडू तुळशीत जायचा. गेल्या ऑक्टोबरमध्ये तो कोरोनानं अतिदक्षता विभागात होता. 71 वर्षांचा. तुम्हाला मी ते पाच-सहा दिवस सांगितलंच नाही. तुमच्याच वयाचा माणूस, आणि तुम्ही तेव्हा मास्क हनुवटीवर लावून कोपऱ्यावर जात होतात. तो बरा होऊन बाहेर आला तेव्हा एका दमात सगळं सांगितलं, आणि तुम्ही चिडलात, "मला लहान पोर समजतेस काय?"

त्याच ऑक्टोबरमध्ये लीग पुन्हा काही आठवडे थांबली. नंतर सुरू झाली ती रिकाम्या स्टँडसमोर. हिवाळ्यात एकदा संध्याकाळी दूध आणायला निघाले आणि उगाच एडनच्या बाजूनं गेले. आत मॅच चालू होती. वीसेक हजार माणसं मावतात तिथं, आणि बाहेर मला बूट चेंडूला लागल्याचा आवाज येत होता. ठप्प. मग कुणीतरी एकच नाव ओरडायचं, मग शिट्टी. गोल झाला तो कळला, कारण दहा-बारा माणसं एकदम ओरडली आणि लगेच गप्प झाली. मी दुधाची पिशवी धरून कुंपणाशी उभी. शेजारी एक म्हातारे गृहस्थ लाल-पांढरा मफलर गुंडाळून, कानाला रेडिओ लावून उभे होते. बोललो काहीच नाही. गोल झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं, एवढंच. न हरलेल्या मोसमातलं माझं 'स्टेडियमवरचं' तेवढंच.

तसे स्लाव्हियावाले हरलेच नाहीत असं नाही. इथल्या लीगमध्ये नाही, पण युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीगमध्ये इंग्लंडच्या लेस्टर आणि स्कॉटलंडच्या रेंजर्सना काढून उपांत्यपूर्व फेरीत लंडनच्या आर्सेनलशी गाठ पडली. लंडनमध्ये स्लाव्हियाच्या होलेशनं अगदी शेवटच्या मिनिटांत 1-1 केलं, तुम्ही पहाटे जागे राहून फोन केलात. आठवड्यानं एडनवर 0-4 नं हरले. पहिल्या 24 मिनिटांत तीन गोल! तुम्ही म्हणालात, "त्रिपिशोव्स्कीनं बचाव फार वर चढवला." प्रशिक्षकाचं नाव तुम्ही माझ्यापेक्षा बरं उच्चारता.

रेंजर्सच्या सामन्याबद्दल मात्र फोनवर मी विषय बदलला होता. ग्लासगोत स्लाव्हियाच्या कुडेलानं रेंजर्सच्या ग्लेन कमाराच्या कानाशी काहीतरी म्हटलं. कमारा म्हणाला वर्णावरून शिवी दिली, कुडेला म्हणाला शिवी दिली पण तसली नाही. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, कुडेलाला 10 सामन्यांची बंदी घातली. इथं बऱ्याच जणांना तो आपल्या पोरावर अन्याय वाटला. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर हा विषय निघाला तेव्हा चौकोनात सावळा चेहरा माझा एकटीचा होता, आणि सगळे जरा जास्तच सांभाळून बोलायला लागले. मी कॅमेरा बंद केला. तुम्ही काळजी कराल म्हणून तेव्हा सांगितलं नाही. एरवी माझं इथं बरं चाललंय. पण त्यानंतर स्लाव्हियाचा गोल झाला की मी हिशेबात लिहायचे, हसायचे नाही.

लीगमध्ये सर्वांत जास्त गोल करणाऱ्याचा गोल्डन बूट दोघांत वाटून गेला, स्लाव्हियाचा कुख्ता आणि स्पार्टाचा ह्लोझेक, 15-15 गोल. ह्लोझेक अवघा 18 वर्षांचा, आणि मध्ये दुखापतीनं बराच काळ बाहेर होता. हे नाव लिहून ठेवा.

बाबा, एक विचारायचं राहून गेलंय, तीस वर्षं. तुम्ही दादाला दर मॅचला सायकलच्या नळीवर बसवून शाहू स्टेडियमवर नेलंत. मी पायरीवर बसून राहायचे. "पोरींचं काय काम तिथं, शिव्या असतात," असं तुम्ही म्हणायचात. दादा परत येऊन भेळेचा कागद दाखवायचा, पण निकाल सांगायला कंटाळायचा. मग तुम्ही जेवताना ताटात वाटी, लोणच्याची फोड आणि मिरची मांडून गोल कसा झाला ते आईला सांगायचात. आई भाकरी थापत हं हं करायची. ऐकत मीच असायचे. तेव्हा राग आला होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू. पण यंदा 34 आठवडे निकाल विचारायला तुम्ही मला फोन केलात. दादाला नाही.

विमानं नीट सुरू झाली आणि तुमचा दुसरा डोस झाला की येते. तेव्हा स्टेडियम उघडलेलं असेल तर मला न्यायचं. सायकल नको, रिक्षानं जाऊ. शिव्या मला चेकमध्येसुद्धा येतात.

आई, येताना तुला काय आणू ते कळव. आणि ती पत्र्याची डबी कुणाला देऊन टाकू नकोस.

नवा मोसम जुलैअखेर सुरू होतोय, परत 16 संघ. वेळापत्रक हातात आलं की रविवारी फोन करते. बाबा, मशीन कानाला लावून बसा.

तुमची,
बेबी