ऑटो-ट्यूनिंग बंद करण्याचा सल्ला दुरुस्त करावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत इंटरनेटचा वेग वाढवण्याच्या युक्त्यांची एक चौकट आली होती. तिच्यात विंडोजचं टीसीपी (इंटरनेटवर डेटाची ने-आण करण्याची पद्धत) ऑटो-ट्यूनिंग बंद करायला सांगितलं होतं. मी सबटायटल्सचं काम करते, रोज मोठमोठ्या चित्रफिती उतरवून घ्याव्या लागतात, म्हणून लगेच करून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून १ जीबीच्या फाइलला जवळजवळ तास लागायला लागला. स्पीड टेस्ट मात्र नव्वदीचाच आकडा दाखवायची. त्यामुळे आठवडाभर मी समोरच्या सर्व्हरलाच दोष देत राहिले.

पोचपावतीची वाट न बघता समोरून एका वेळी किती डेटा येऊ शकतो, त्याची मर्यादा म्हणजे रिसीव्ह विंडो. २००७ मधल्या व्हिस्टापासून विंडोज ती गरजेप्रमाणे आपोआप वाढवते. यालाच ऑटो-ट्यूनिंग म्हणतात. हे बंद केलं की ती ६४ केबीवर अडकते. स्पीड टेस्टचा सर्व्हर जवळचा, ५ मिलिसेकंदांत उत्तर देणारा. तिथे ६४ केबीतही सेकंदाला १०० मेगाबिट (एमबीपीएस) निघतात. माझ्या कामाचा सर्व्हर दूरचा, पिंग म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ २०० मिलिसेकंद. कागदावर ६४ केबीला त्या वेळाने भागलं तेव्हा उत्तर आलं जेमतेम २.६ एमबीपीएस! मग लाइन १००ची असो की ५००ची, काय फरक पडणार? कमांड प्रॉम्प्टमधून सेटिंग पुन्हा ‘नॉर्मल’ केलं आणि तेवढीच फाइल दोन-अडीच मिनिटांत उतरली.

विंडोज २० टक्के बँडविड्थ (लाइनची क्षमता) स्वतःसाठी अडवून ठेवते, हेही त्याच चौकटीत होतं. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळापासून फिरणारा हा गैरसमज आहे. एखाद्या प्रोग्रामने मागितली तरच ती राखली जाते, एरवी सगळी आपल्यालाच मिळते. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून साइट उघडायला थोडी लवकर सुरुवात होईल, पण डाउनलोडचा वेग त्याने वाढत नाही.

चुका कोणाकडूनही होतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण बदल करण्याआधी मूळ सेटिंग टिपून ठेवा आणि ते पूर्ववत असं करा, एवढं तरी त्या चौकटीत हवं होतं. कृपया त्याच पानावर ठळक दुरुस्ती छापावी. ज्यांनी ऑटो-ट्यूनिंग बंद केलं आहे त्यांना संगणक आपणहून काही सांगत नाही, आणि तो बंद करून पुन्हा सुरू केला तरी सेटिंग तसंच राहतं.

आपली,
एक नियमित वाचक