दादा-वहिनींना खुशाल येऊ द्या

दुशान्बे, ताजिकिस्तान

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. बाकीचं रविवारी फोनवर कळतंच. हे पत्र दादा-वहिनींच्या येण्यासाठी.

बाबा, "शेजारी अफगाणिस्तान आहे" हे तुम्ही दरवेळी म्हणता. आहे, पण मधे पंज नदी आहे आणि दुशान्बे सरहद्दीपासून लांब आहे. इथली यादवी १९९७ मध्येच मिटली. २०१८ मध्ये दंगाराजवळ चार परदेशी सायकलस्वारांना मारलं, हे तुम्ही वाचलंत ते खरं आहे. म्हणून काय सगळा देश वाईट? मी अंधार पडल्यावर रुदाकी रस्त्यानं एकटी चालत घरी येते. आजवर कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. उलट हिंदुस्तानची म्हटलं की भाजीवाल्या आजी राज कपूरचं नाव घेतात आणि दोन जर्दाळू जास्त घालतात. पामीरच्या डोंगराळ भागात मात्र मी दोघांना यंदा नेणार नाही. तिकडे वेगळा परवाना लागतो, २०२२ मध्ये गोळीबार झाला होता, आणि सरहद्दीलगत जुने सुरुंग अजून आहेत. आपण इस्कंदरकुल तलाव बघू, नुरेकचं धरण बघू. तीनशे मीटर उंच आहे, कोयनेच्या जवळजवळ तिप्पट! भूकंप इथेही होतात, पण १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलेल्या घरानं त्याची भीती मला घालू नये.

आई, वहिनीला चहाचं आधीच सांगून ठेव. इथे बिनदुधाचा हिरवा चहा असतो. यजमान पियाल्यात ओततो, परत किटलीत ओततो, असं तीन वेळा. मग पाहुण्याला देतो तो अर्धाच पियाला, कधी त्याहूनही कमी. देताना उजवा हात पुढे, डावा छातीवर. ही चिकटाई नाही गं. अर्धा पियाला लवकर संपतो, मग यजमानाला पुन्हा पुन्हा गरम चहा ओतता येतो, म्हणजे तुम्ही बसावं अशी त्याची इच्छा. काठोकाठ भरून दिला तर समजायचं, आता उठा. तेव्हा अर्धा पियाला बघून तिनं वाईट वाटून घ्यायचं नाही, आणि कुणी घरी आलं तर आपल्यासारखा भरून तर मुळीच द्यायचा नाही. तिच्या शाकाहाराचं म्हणशील, तर कुरुतोब आहे: पोळीचे तुकडे, दह्याचं आंबट पाणी, कांदा, कोथिंबीर. तुलाही आवडेल.

बाबा, डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे खात्यात टाकलेत. हप्त्याचे वेगळे आहेत, त्यात मिसळू नका. मी येईपर्यंत थांबू म्हणता, पण थांबू नका, मोतीबिंदू पिकू द्यायचा नाही. तेव्हा दादा असेल, मी फोनवर असेनच. मी असायला हवं होतं, ते मला कळतं.

कराडच्या स्थळाला नाही म्हणू नका. मुलाला माझा नंबर द्या, आधी आम्ही दोघं बोलू. गणपतीला मात्र रजा मिळत नाहीये. आई, रागावू नकोस.

तुमची,
सुमी